सहावा रकाना

सोमवार, १२ तारीख
दुपारी साडेतीन, वाचनालयातून

चि. भिंगरीस ताईचे खूप आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी पोचलं. पाकिटावर पत्ता लिहिताना पेन्सिलने रेघा आखल्यास आणि खोडायला विसरलीस. आखायला मीच शिकवलं होतं, आणि खोडायलाही. निम्मंच लक्षात ठेवायची तुझी खोड जुनीच.

माझा गुडघा बरा आहे. जिना चढताना गप्प असतो, उतरताना कुरकुरतो. फोन बिघडला आहे, म्हणून तुझे रविवारचे फोन लागले नसतील. दुरुस्तीला टाकायचा रोज राहून जातो. मोरीतला नळ गळत होता, त्याला मी स्वतः नवा वायसर बसवला. पहिल्यांदा उलटा बसवला, मग सुलटा. आता घरात थेंबाचाही आवाज नाही. तो गळत होता तेच बरं होतं की काय, असं कधीकधी वाटतं.

संगणक कक्ष जसाच्या तसा आहे. दहाला कुलूप उघडते, सहाही संगणक सुरू करते, कळफलक ब्रशने झाडते, रजिस्टर उघडून तारीख घालते आणि बसते. मागच्या आठवड्यात मोजून तीन माणसं आली. एकाला संडास कुठे आहे ते विचारायचं होतं. एकाला पावती छापायची होती. तिसरी कॉलेजातली मुलगी. रजिस्टरमध्ये नाव लिहावं लागेल म्हटल्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची पर्स उघडायला सांगितली. "राहू दे मग," म्हणाली आणि गेली.

पूर्वी इथे खुर्ची मिळायची नाही, आठवतं ना? ते शिंपीकाका साडेअकराच्या ठोक्याला येऊन संगणक दोनवर बसायचे, एका बोटाने एकेक अक्षर शोधत. तेही येत नाहीत. परवा बाजारात समोरून आले, मला बघून रस्ता ओलांडून पलीकडे गेले. मी हात वर केला होता, तो तसाच केसांवरून फिरवून खाली घेतला.

तू विचारलंस, इंटरनेट वापरणाऱ्याचं नाव लिहून घेण्याबद्दल माझी मतं अजून तीच आहेत का. आपण जेवताना या विषयावर किती भांडलोय! तू म्हणायचीस, नळाला पाणी येतं तसं घराघरात इंटरनेट आलं पाहिजे, आणि या पाण्याने तू काय धुणार हे नळावर कोणी विचारता कामा नये. मी म्हणायचे, ज्याने काही वावगं केलं नाही त्याने नाव सांगायला कशाला भ्यावं? त्यावर तू एकदा म्हणालीस, "ताई, तू दाराला कडी लावून आंघोळ करतेस ती काय आत चोरी करतेस म्हणून?" मला इतका ठसका लागला होता की पाणी नाकातून आलं.  ती कडी अजून डोक्यातून जात नाही.

तुझ्या दवाखान्यातली कामं फार जड नाहीत ना? एवढ्या मोठ्या रुग्णालयात काम केलेल्या परिचारिकेने आता सर्दीखोकल्याच्या चिठ्ठ्या लावत बसायचं, हे मला बघवलं नसतं. पोळ्या स्वतः करतेस की पाव खाऊन दिवस काढतेस?

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं बघते. रजिस्टर जुनं आहे, कपाटात खाली गेलंय. सापडलं की कळवते. बाकी उद्या लिहीन.


बुधवार, १४ तारीख

पत्र काल टाकलं नाही. टपालपेटीपर्यंत गेले, पाकीट अर्धं आत सरकवलं आणि परत ओढलं. मागे उभा असलेला माणूस म्हणाला, "बाई, तिकीट लावायचं राहिलं का?" मी हो म्हटलं. एका सोमवारच्या पत्रात मी तुझ्याशी दोनदा खोटं बोलले आहे. आता तरी खरं लिहावं.

फोन बिघडलेला नाही. टेबलाच्या खणात आहे, बंद करून ठेवलेला. आणि रजिस्टर खाली गेलेलं नाही. ते माझ्यासमोर उघडं आहे.

तू लिहिलं आहेस, "ताई, वकीलबाई म्हणतात की रुग्णालयाला माझं नाव कसं कळलं ते सिद्ध झालं तर आपली बाजू उभी राहील. कोणीतरी तुझ्या नाकासमोरून रजिस्टर नेलं असणार. तू इतकी साधी आहेस, तुला पत्ताही लागला नसेल." हे वाक्य मी सहा दिवसांत किती वेळा वाचलं ते विचारू नकोस.

सुरुवातीपासून सांगते. मला मधूनच सांगता येत नाही, तुला माहीत आहे.

कार्यालयाकडून आलेल्या छापील नमुन्यात पाचच रकाने होते. तारीख, नाव, संगणक क्रमांक, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. सहावा रकाना माझा. "काय पाहिले." तीन वर्षांपूर्वी तपासनीस आले होते तेव्हा म्हणाले, "लोकांना फुकट इंटरनेट द्यायचं कशाला? पोरं सिनेमे बघत असतील. कक्ष बंद करू." माझं डोकं फिरलं. दुसऱ्याच दिवशी पट्टी घेतली आणि प्रत्येक पानावर सहावी रेघ मारली. पाठीमागून फिरायचे, पडद्यावर एक नजर टाकायचे आणि लिहायचे. नोकरीचे अर्ज, परीक्षेचा निकाल, परदेशातल्या मुलीशी बोलणे. वर्षाअखेरीस तपासनिसांसमोर तीनशे पानं ठेवली.  कक्ष वाचला. त्या दिवशी मी किती मिरवले होते, तू पेढे नको म्हणून भेळ मागितली होतीस!

शिंपीकाकांच्या नावापुढे काय लिहिलं होतं सांगू? त्यांच्या आजाराचं नाव. त्यांनी ते बायकोलाही सांगितलेलं नव्हतं. मी सुवाच्य अक्षरात लिहून टेबलावर उघडं ठेवलं, जो येईल त्याला दिसेल असं. सहा महिने माझ्या ते ध्यानातही आलं नाही. कक्ष लोकांसाठी वाचवायला निघाले, आणि लोकांनाच उघडं पाडून बसले.

आता तुझं.

करड्या कोटातला एक माणूस आला. वाचनालयाचे साहेब रजेवर होते. त्याने रुग्णालयाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि गोड हसला. म्हणाला, रुग्णालयाबद्दल कोणीतरी टोपणनावाने खोटंनाटं लिहितंय, एकदा वापरून टाकायच्या नळ्या धुऊन पुन्हा वापरतात वगैरे, आणि ते लिखाण या वाचनालयाच्या जोडणीवरून जातंय. त्याच्याकडे नऊ तारखा आणि वेळा होत्या. "तुमचं रजिस्टर फार व्यवस्थित असतं असं ऐकलंय," म्हणाला. पहिलं पान बघून म्हणाला, "अहो, हे हातचं आहे? मला छापील वाटलं."

भिंगरी, माझ्या मागच्या भिंतीवर पाटी आहे. न्यायालयाच्या लेखी आदेशाशिवाय रजिस्टर कोणालाही दाखवले जाणार नाही. तीही माझ्याच अक्षरात आहे. आणि मी तिच्याकडे पाठ करून कागदाच्या पट्ट्या कापायला घेतल्या, त्याला पानं चटकन सापडावीत म्हणून.

आतापर्यंतचं वाचून तू म्हणशील, ताईला काय कळणार, तिला फसवलं. असं म्हणू नकोस. इथेच थांबायचा मोह मलाही झाला होता.

पहिल्या तारखेला कळलं नाही. दुसऱ्या तारखेला संगणक चारवर तुझं नाव दिसलं, तेव्हा हसू आलं, म्हटलं ही भिंगरी तेव्हाही इथेच होती. तिसऱ्या तारखेला पुन्हा संगणक चार, पुन्हा तू, आणि सहाव्या रकान्यात माझ्या हाताने लिहिलेलं, "टंकलेखन, नोकरीसंबंधी." तू मला तसं सांगितलं होतंस. तुझ्या पडद्यावर मी कधी नजर टाकली नाही. सगळ्या गावात एका तुझ्याच.

मला तिसऱ्या तारखेलाच सगळं कळलं. सहा तारखा बाकी होत्या. रजिस्टर मिटून "आदेश आणा" एवढं म्हणायचं होतं. तो माणूस कुरकुर करत गेला असता, दुसरं काही झालं नसतं.

मी मिटलं नाही, कारण मला राग आला होता. अकरा महिने तू माझ्यापासून दहा पावलांवर बसून लिहीत होतीस. आपण एकाच ताटलीत शेंगदाणे खात होतो, आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस. ते एका परक्या कोटवाल्याकडून कळावं? आई गेल्यावर तुझी वेणी मी घातली, तुझी अक्षरं मी गिरवून घेतली. मला वाटलं, भोग आता. एवढाच विचार आला. फार तर तुला बोलावून समज देतील, तू रडत घरी येशील आणि मग तरी मला सगळं सांगशील. चौथी पट्टी, पाचवी पट्टी, नऊही पट्ट्या मी लावल्या. त्याने फोटो काढले आणि जाताना माझे आभार मानले.

तू रडत घरी आलीस खरी. नोकरी गेली होती, आणि गावात दुसरं कोणी दारात उभं करणार नव्हतं. तू मला सगळं सांगितलंस, नळ्यांचं, त्या ताप चढलेल्या दोन पेशंटांचं, वाचनालयातून लिहिलं की कोणाला कळणार नाही असं तुला वाटलं त्याचं. "तिथे तर तू बसतेस," म्हणालीस. मी चहा केला. तुझ्या शेजारी बसून त्या चुगलखोराला शिव्याही घातल्या. तू म्हणालीस, "ताई, तू आहेस म्हणून बरं." मी कपबशा उचलून मोरीत गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

तू मला का सांगितलं नव्हतंस, हे मला आता कळतं. मला कळलं तर माझी नोकरी अडचणीत येईल म्हणून. तू कडी लावली होतीस ती माझ्यासाठी.


शुक्रवार, १६ तारीख

काल साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं. म्हणाले, "बाई, तुमची दोन वर्षं राहिली आहेत. जुनी रजिस्टरं वाळवी खाते. खाल्लं म्हणून लिहून देऊ, तुम्हीही सुटाल, वाचनालयही सुटेल." माणूस वाईट नाही, घाबरट आहे. मी म्हटलं, "साहेब, माझ्या कपाटात वाळवी? तुम्हाला कोणी विश्वास ठेवेल असं वाटतं?" त्यांना हसू आलं. मग त्यांनी डोकं धरलं.

सोबत तीन गोष्टी पाठवते आहे. त्या नऊ पानांच्या प्रती. त्या माणसाचं कार्ड, मागे तारीख आणि वेळ मी त्याच दिवशी लिहिली होती, सवयच ना. आणि नियमाच्या परिपत्रकाची प्रत, जिच्याखाली "वाचले, समजले" असं लिहून माझी सही आहे. आदेश नव्हता, फक्त कार्ड होतं, हे वकीलबाईंना नीट दाखव. त्यांनी मला साक्षीला बोलवावं. मी सगळं सांगेन, तिसऱ्या तारखेचंही. माझं काय व्हायचं ते होऊ दे.

नव्या रजिस्टरला मी पाचच रकाने आखले आहेत. जुन्या पानांवरचा सहावा खोडायचा नाही असं ठरवलंय, तो पुरावा आहे. पण शिंपीकाकांच्या घरी गेले होते. दार उघडून त्यांनी बाहेरच उभं केलं. मी माफी मागितली. ते म्हणाले, "बघू," आणि दार लावलं. आतून कडी वाजली. मला वाईट नाही वाटलं.

फोन खणातून काढून चार्जिंगला लावला आहे. रविवारी वाजव असं म्हणत नाही. माझ्याकडे तुझ्याशिवाय कोणी नाही, हे तुला माहीत आहे आणि ते या पत्रात लिहिणं म्हणजे तुझ्यावर ओझं टाकणं आहे, हेही मला कळतं. तरी लिहिलं. आता तुझ्यापासून काही लपवायचं नाही.

सुनावणीला मी सकाळच्या गाडीने येईन आणि मागच्या बाकावर बसेन. ती पानं पुढे ठेवून कोणी तुला विचारेल, हे अक्षर कोणाचं? तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, तुझा आवाज कापेल. सरळ सांग की ओळखते, याच अक्षरावरून मी लिहायला शिकले.

तुझी,
जिने तुझं नाव दिलं ती ताई