वरच्या खोलीतले दोघे

माय, आज सुट्टी आहे. माझ्या खोलीतल्या दोघी बाजारात गेल्यात आणि मी कांदे चिरायचे सोडून तुला लिहायला बसले. तुला लिहिता-वाचता बेताचंच यायचं. तू असतीस तरी हे मलाच तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि मधेच तू म्हणाली असतीस, दूध उतू जाईल, आधी ते बघ.

आपल्या धुळ्यातल्या, देवपूरच्या घराची वरची खोली वडिलांनी त्या दोघांना भाड्याने दिली तेव्हा गल्लीत केवढी कुजबुज झाली होती! साक्रीकडच्या डोंगरांवर पवनचक्क्या उभ्या राहत होत्या आणि हे दोघे त्या कामावरचे इंजिनियर. एक डेन्मार्कचा, साठीला टेकलेला, उंच, चेहऱ्यावरची माशी न हलणारा. दुसरा पोर्तुगालचा, तिशीतला, हातवारे केल्याशिवाय ज्याला बोलताच येत नसे. त्यांची नावं तुझ्या जिभेवर बसेनात म्हणून तू त्यांना मोठा भाऊ आणि धाकला भाऊ करून टाकलंस. जेवण आपल्याकडेच. मी नुकतीच बी.एस्सी. होऊन घरी बसलेली, त्यामुळे दुभाष्याचं काम माझ्याकडे आलं.

ते स्वयंपाकघर अजून डोळ्यांसमोर आहे. तू तव्यापाशी, ते दोघे पाटांवर, मोठ्या भाऊचे गुडघे जवळजवळ कानांपर्यंत आलेले. तू गोष्ट सांगतेस. पहिल्यांदा सासरी जेवायला गेलेला जावई लाजून प्रत्येक वाढपाला नको म्हणतो, सासू भोळी, ती खरंच वाढत नाही, आणि निघताना तो उपाशी जावई गोठ्यातल्या बैलाला विचारतो, तुला तरी दोनदा विचारतात का रे? हे तू अहिराणीत सांगायचं, मी माझ्या मोडक्या इंग्रजीत, मग माझं इंग्रजी न उमगलेल्या मोठ्या भाऊला धाकला भाऊ हातवारे करून. तिथपर्यंत पोचेस्तोवर गोष्टीचं काय व्हायचं देव जाणे. मोठ्या भाऊने शांतपणे ऐकून घेतलं, घास गिळला आणि विचारलं, "मग त्या बैलाचं लग्न कोणाशी झालं?" मी भाषांतर करायच्या आतच तू तोंडाला पदर लावून हसत सुटलीस. तुला काय कळलं होतं, कोण जाणे. त्या दिवसापासून मोठा भाऊ कशालाच नको म्हणेना. भाकरी देऊ, ठेचा देऊ, भरीत देऊ, काहीही विचार, त्याचं उत्तर एकच, तुझ्याकडून उचललेलं, "बठ्ठं." सगळंच.

मला त्यांच्या त्या हसण्या-हसवण्याचा कंटाळा यायचा. दिवसभर उन्हात राबून येतात आणि शाळकरी पोरांसारखे एकमेकांची चेष्टा करत बसतात. एकदा मी तसं बोलूनही दाखवलं. तू पीठ मळता मळता मान वर न करता म्हणालीस, "हासू दे त्यासले. आठे त्यासनं कोन शे? एकमेकासले हसाडतस म्हनीसन त्यासना दिन निघस." इथे त्यांचं कोणी नाही, एवढं माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मग तो रविवार आला. दुपारी धाकल्या भाऊला घरून फोन आला की त्याची आई गेली. माती दुसऱ्याच दिवशी होती, धुळ्याहून निघून तो पोचणं शक्यच नव्हतं. तो आपल्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन बसला. त्याची आई दर फोनवर एकच विचारायची, उन्हात टोपी घालतोस ना. मोठा भाऊ त्याच्यामागे येऊन उभा राहिला आणि नेहमीच्याच सपाट आवाजात म्हणाला, "आता ती वर पोचली असेल. देवाला सांगत असेल, धुळ्यातलं ऊन जरा कमी कर, माझा मुलगा टोपी घालत नाही."

मी त्याला थांबवायला पुढे झाले, तर तू माझं मनगट धरलंस. घट्ट. धाकला भाऊ हसला. मोठ्याने हसला, आणि हसता हसताच त्याला रडू फुटलं. मोठा भाऊ त्याच्याशेजारी जमिनीवर बसला, लांब पाय कुठे ठेवावेत ते न कळून. तू चहा ठेवलास. मग येऊन धाकल्या भाऊच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिलीस, चहाचं आधण उकळून कमी झालं तरी.

पुढे काम संपलं, ते गेले. मी इथे दोह्याला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. खोलीत एक फिलिपिन्सची, एक केनियाची. आमचंही तसंच सुरू झालं. एकीचा विनोद दुसरीपर्यंत पोचता पोचता तिसराच होतो. तू फोनवर विचारायचीस, "त्या दोन्ही कशा शेतस? आन ना त्यासले दिवाळीले. कळण्यानी भाकर खाऊ घालसू." मी म्हणायचे, पुढच्या वर्षी. दर वर्षी पुढच्या वर्षी. त्यांना सुट्टी मिळायची तेव्हा मला नसायची, हे खरं. पण एकदा तरी जमवता आलं असतं, हेही खरंच.

ऐन मे महिन्यात तू गेलीस. तसल्या उन्हात मी येईपर्यंत तुला घरात ठेवणं कोणालाच शक्य नव्हतं. मी विमानाच्या तिकिटासाठी फोन करत होते तोवर सगळं आटोपलंही. फिलिपिन्सची गुपचूप माझी बॅग भरत होती. केनियाचीने बॅगेत डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "हिला घरी पाठवतेस की बर्फात?" बॅगेत वर दोन स्वेटर होते. धुळ्यात, मे महिन्यात. मी हसले, माय. पोटात दुखेपर्यंत हसले आणि मग त्या दोघींनी मला धरून ठेवलं. तुला त्या दोघी फार आवडल्या असत्या. तुमची गाठ घालून द्यायची राहिली, ती राहिलीच.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून आणखी एक सांगून टाकते. धाकल्या भाऊचा अजून अधूनमधून मेसेज येतो. आई कशी आहे, आज काय रांधलं? तू गेल्यानंतर पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा माझ्याने खरं लिहवेना. बरी आहे, असं लिहिलं. तेच पुढे चालू राहिलं. आता इतक्या वर्षांनी कोणत्या तोंडाने सांगू? मी इथे जे रांधते ते तुझ्या नावावर खपवते. परवाच त्याला कळवलं, आईने वांग्याचं भरीत केलं होतं, फार छान झालं होतं.

खरं तर जरा खारट झालं होतं.