मदतनिसाचा रकाना

आई, सुगडी विकायची परवानगी कधीकधी संक्रांत उलटून गेल्यावर हातात पडायची, आठवतं ना? सुगड्यांचा बाजार चार दिवसांचा, आणि ते चार दिवस सावेडीच्या रस्त्याकडेला बसायचं म्हणून महिनाभर कागद गोळा करायचे. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून माझी शाळा बुडवून तू मला भिंगारहून महापालिकेत आणायचीस. या टेबलावरून त्या टेबलावर, तिथून वाहतूक शाखा, तिथून अग्निशमन. मातीच्या बोळक्यांना कसली आग लागते गं? एकदा तो बाबू मान वर न करता म्हणाला, "ना हरकत आणा." तू म्हणालीस, "साहेब, संक्रांत परवा हाय." तो म्हणाला, "मग पुढच्या वर्षीचं आत्ताच करून ठेवा." सगळे खो खो हसले. तूपण हसलीस. मला त्यांच्यापेक्षा तुझाच राग आला. मोठी होऊन याच टेबलावर बसायचं आणि हे सगळं मोडून काढायचं, असं मी त्या दिवशी ठरवलं. बसले की नाही बघ.

परवाना कधी तुझ्या नावावर नव्हताच. तो मावशीच्या नावावर. सख्खी ना चुलत, शेजारच्या गल्लीतली भाजीवाली, पण तिच्या कपाळावर कुंकू होतं आणि तुझं, माझे वडील गेले तेव्हा, पुसलेलं. वाणाची सुगडी बायका तुझ्या हातून घेईनात. म्हणून माती तुझी, चाक तुझं, भट्टी तुझी, आणि गिऱ्हाइकापुढे मावशी. ती पहिल्या सुगड्याला हळद-कुंकू लावायची नि तू मागे, रस्त्याकडे पाठ करून, पेंढ्यातून माल काढून पुढे सरकवायचीस. एका भोगीला एक बाई पाच सुगडी निवडून उभी आहे. मी सात-आठ वर्षांची, मोठ्या ऐटीत सांगते, "ही माझ्या आईनं केलीत." बाई मावशीच्या मागे डोकावते, तू वळतेस, ती तुझं कपाळ बघते, आणि पाचही सुगडी एकेक करून खाली ठेवते. ती गेल्यावर तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "त्वांड मिटून बसत जा. गिऱ्हाईक मावशीचं हाय, आपलं न्हाई." मी रडले नाही. पण तेव्हापासून कोणी विचारलं, आई काय करते, तर मी सांगायचे, घरीच असते.

तुला जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी साहेबांनी मला हंगामी विक्रीची परवानगी सोपी करायला सांगितलं. सुगडी, पणत्या, राख्या, रंग, सगळ्यांसाठी एकच अर्ज. मी जीव तोडून काम केलं, आई. चौदा कागदांचं एक पान केलं. मोबाईलवर भरा, जागा निवडा, दुसऱ्या दिवशी परवाना. ना हरकती आमच्या आम्ही घेऊ, बाईमाणसानं वणवण करायची नाही. जागा भाड्यानं देणारे दलाल माजले होते, म्हणून एक अट घातली: ज्याच्या नावावर परवाना, त्यानेच बसायचं. जुन्या अर्जात खाली मदतनिसाचा रकाना होता, तो काढून टाकला. एका जागेला एक नाव. साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. मला तुझीच आठवण आली, खोटं कशाला सांगू.

मावशी अजून तिथेच बसते. नवरा आहे, कुंकू आहे, गुडघे गेलेत. तुझ्या जागी तिनं गल्लीतली एक पोर घेतली होती, नवरा गेल्या वर्षी वारलेली, हात अगदी तुझ्यासारखा हलका. अर्ज भरताना ओळख पटवायला मावशीचा अंगठा मशीन घेईना. उभा जन्म मेथी-शेपूच्या जुड्या बांधून बोटांच्या रेघाच गेल्यात. मग परवाना त्या पोरीच्या नावावर काढला. त्यांना वाटलं, काय फरक पडतो, दोघी मिळूनच तर बसतो. यंदा भोगीला पोर दुसरा माल आणायला भिंगारला गेली, आणि तेवढ्यात अतिक्रमणवाले आले. मोबाईलवर फोटो एकीचा, पुढे बसलेली दुसरीच. दलाली समजून माल टेम्पोत टाकला. सुगडी ती, टेम्पोत टाकल्यावर काय राहतंय त्यांचं? परवाना रद्द झाला आणि तीन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही. ती अटही माझ्याच हातची.

दुपारी मावशी माझ्या टेबलापुढे उभी राहिली. पदरात एक काठ उडालेलं सुगडं. लहानपणी मला कडेवर घेऊन फिरलेली बाई, मला म्हणाली, "मॅडम, दोघींनी बसायचं न्हाई का आता?" मी म्हणाले, "मावशी, नियमात नाही." ती म्हणाली, "आदी हुतं की. तुझ्या आयचं नाव लिवायचे माझ्या नावाखाली." एवढं बोलून तिनं जीभ चावली आणि आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून. माझ्यासाठी, आई! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती पोर आता वीटभट्टीवर जाते. चाक तिनं पालथं घालून ठेवलंय म्हणे.

पानं दोन होत होती म्हणून रकाना काढला, असं मी सगळ्यांना सांगते. तसं काही नव्हतं. जुन्या फायली चाळताना दर वर्षी मावशीच्या नावाखाली तुझं नाव दिसायचं, पुढे कंसात 'विधवा' आणि तुझा निळा अंगठा. शेजारच्या टेबलावरची बाई डोकावली की मी पान उलटायचे. तो रकानाच नको झाला मला. एका रकान्यात किती बायका बसल्या होत्या, हे मी मोजलंसुद्धा नाही.

आज साहेबांनी बोलावलं होतं. मावशीनं कोणाकडून तरी तक्रार लिहून दिली आहे. ते माणूस म्हणून चांगले आहेत, म्हणाले, "पूर्वी जोडीनं बसायची सोय असेल तर पुन्हा घालू, सोपं आहे. होता का हो असा काही रकाना?" फायली शेजारच्याच खोलीत होत्या. उठून दहा पावलं गेले असते तर तुझा अंगठा त्यांच्यापुढे ठेवता आला असता.

मी म्हणाले, "नाही साहेब, नव्हता."