सम्राटांनी डोळे मिटले

तीर्थरूप आत्यास,

तुझ्या पायाच्या प्लॅस्टरला धक्का लागणार नाही इतक्या अंतरावरून साष्टांग नमस्कार. पाय कसा आहे? आत खाज सुटली की फूटपट्टी घालतेस असं कळलं. तीस वर्षं वर्गात वापरलेली पट्टी निवृत्तीनंतरही कामाला आली याचा आनंद आहे, पण डॉक्टर नको म्हणालेत. मी मजेत आहे. नोकरी शनिवारपर्यंत आहे. पुढचं संपादक ठरवणार आहेत, कारण माझ्या हातून एक सम्राट गेला.

आमच्या साप्ताहिकात तीन वर्षं चाललेल्या त्या सम्राटाच्या कादंबरीची मुद्रितं मी तपासतो, हे तुला ठाऊकच आहे. (तू कात्रणं जपतेस आणि त्यातले ऱ्हस्वदीर्घ लाल शाईनं दुरुस्त करून मला पाठवतेस, त्याबद्दल आभारी आहे.) सम्राटांच्या ताटात केस सापडला म्हणून तुझा लाडका म्हातारा आचारी तुरुंगात पडला, तिथपर्यंत वाचल्याचं तू कळवलं होतंस. त्याच्या पुढच्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य लेखकमहाशयांनी असं लिहिलं होतं: ‘विजयाची वार्ता ऐकून सम्राटांनी समाधानाने क्षणभर डोळे मिटले.’ ओळीत एक शब्द मावेना. मी ‘क्षणभर’ काढला. शुद्धलेखन चोख होतं, सही केली आणि चहाला गेलो.

गेल्या बुधवारी अंक निघाला आणि दुपारपर्यंत सम्राट वारल्याचं सगळ्यांना कळलं. समोरचा न्हावी गिऱ्हाइकाची दाढी अर्धी टाकून वर आला, विष कोणी घातलं ते विचारायला. फोन इतके वाजले, की फोन घेणारी ऑफिसातली मुलगी आवाज खाली आणून ‘हो, शांतपणे गेले’ असं सांगायला लागली. मग लेखकमहाशय आले. त्यांची पुढची पाच प्रकरणं माझ्या टेबलावर तयार पडली होती, आणि त्यात सम्राट दोन लढाया जिंकून तिसरं लग्न करणार होते. मेलेल्या माणसाचं लग्न मी कुठल्या तोंडानं लावू, असं त्यांनी मला विचारलं. (मी पाणी आणून दिलं.) सम्राटांना नुसती झोप लागली असं म्हणता येईल, असंही सुचवून पाहिलं. त्यावर त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं त्यांच्या कादंबरीत फक्त सेनापती पाहतो.

संपादकांनी खुलासा लिहिला: ‘गेल्या अंकात नजरचुकीने सम्राटांचे निधन झाले. ते हयात आहेत, याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हा मजकूर तपासायला माझ्याकडेच आला. (व्याकरण ठीक होतं, म्हणून मी गप्प बसलो.) तो छापला गेला नाही, कारण तेवढ्यात विक्रीवाला धापा टाकत आला. एकही अंक शिल्लक नव्हता आणि गादीवर कोण बसणार म्हणून लोकांनी त्याचं डोकं खाल्लं होतं. खुलासा ड्रॉवरमध्ये गेला. लेखकमहाशय दोन दिवस रुसले आणि तिसऱ्या दिवशी नवं प्रकरण घेऊन गुणगुणत आले. त्यांनी सम्राज्ञीला गादीवर बसवलंय. आपल्यात म्हणून सांगतो, तेच सम्राटाला कंटाळले होते.

तर असं सगळं छान चाललंय. फक्त माझा निकाल लागायचाय. पट्टी जपून वापर.

तुझा भाचा

ता. क. वाचकांची पत्रं फायलीला लावायला माझ्याकडे दिली आहेत. बाकी सगळी दुखवट्याची आहेत, पण एकात ‘हा अनर्थ करणाऱ्या गाढवाला तत्काळ कामावरून काढा’ असं लिहिलंय. खाली सही, ‘एक निवृत्त शिक्षिका’. आत्या, ‘अनर्थ’मधला रफार छत्रीच्या मुठीसारखा काढणारं माणूस मला एकच माहीत आहे. संपादक मला माफ करायच्या बेतात होते, पण ते पत्र त्यांनी दोनदा वाचलं. कृपा करून शनिवारच्या आत दुसरं पाठव. ‘गाढव’ राहू दे, फक्त ते कामावर राहू दे असं लिही.

ता. क. आणखी एक. ओळीत जागा होती. ‘क्षणभर’ मावून वर दुसरा शब्द मावला असता. पण त्या पाच प्रकरणांतल्या पहिल्याच पानावर सम्राट आचाऱ्याला हत्तीच्या पायी देणार होते. आमटीची चव बघताना स्वतःशी पुटपुटणारा तो म्हातारा अगदी आतोबांसारखा आहे, याला काही झालं तर ते दुःख मला परत नको, असं तूच गेल्या महिन्यात लिहिलं होतंस. माझ्या हातात एकच शब्द होता. सम्राज्ञीनं पहिल्याच हुकमानं तुरुंग उघडलाय, आचारी सुखरूप आहे. हे पत्र वाचून फाडून टाक. दुरुस्त करून परत पाठवू नकोस.