डबल बेल

क्लेगडेन, लँकेशायर
९ मार्च २००४

प्रिय सिरिल,

तुझं पत्र मिळालं. नाताळचं मेंढ्यांच्या चित्राचं कार्डही मिळालं होतं. उत्तर दिलं नाही म्हणून रागावला असशील तर रागाव, तुझा हक्कच आहे. तुमच्याकडे न्यूझीलंडात आता उन्हाळा सरत आला असेल. इथे अजून बोटं गारठतात, माझ्या अक्षरावरून कळेलच. गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे वाचून बरं वाटलं. लेक कुठल्या कामाला हात लावू देत नाही म्हणून कुरकुरतोस खरा, पण तुला सुख टोचतं रे, पहिल्यापासूनच.

इथली खबर म्हणशील तर चर्चच्या छपरावरचं शिसं पुन्हा चोरीला गेलं. मिसेस प्लॅट गेली. आदल्या दिवसापर्यंत शेजारणीशी कुंपणावरून भांडत होती. बाजारातल्या मासे-बटाट्याच्या दुकानात आता मोबाइल फोन विकतात. विल्फ बरा आहे. खातो, पितो, झोपतो.

गाडी कशी आहे हे तू पत्रभर विचारलंस आणि विल्फ कसा आहे हे एकदाच, तेही ताजा कलम म्हणून. म्हणजे जित्याची खोड काही गेली नाही. तर, गाडीही बरी आहे. टर्नबुलच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी आहे.

आणि हो, ते वाक्य वाचलं मी. ‘हिरवा तर हिरवा, आता भांडायला वेळ कुठे उरलाय?’ वाचलं आणि खुर्चीत बसले. देवा रे! दोन म्हाताऱ्यांनी मिळून एक मोडकी बस भंगारवाल्याच्या दारातून सोडवून आणायची, तिच्या एकेका स्क्रूसाठी गावोगाव हिंडायचं, आणि रंग कुठला द्यायचा यावरून तोंडं फिरवायची. तू म्हणायचास, कारखान्यातून आली तेव्हा पिवळट पांढरी होती, खाली तांबडा पट्टा होता, तोच खरा रंग. विल्फ म्हणायचा, मी चालवली तेव्हा हिरवी होती, मी दुसरा रंग ओळखत नाही. न्यूझीलंडला जाताना तू त्याचा हातसुद्धा हातात घेतला नाहीस. तुझी टॅक्सी वळणाआड जाईपर्यंत तो खिडकीत उभा होता, हे तुला कुणी सांगितलं नसेल. मी सांगतेय.

हिरवाच का, हे त्याने तुला कधी सांगितलं नाही. तो कसला सांगतोय! तू डेपोत गाड्यांच्या पोटाखाली पडलेला असायचास, तुला रस्त्यावरचं काय माहीत. ड्रायव्हर पुढे त्याच्या चिमुकल्या केबिनमध्ये एकटा, दार वेगळं, मध्ये काच. मी मागे पॅसेंजरांत, गळ्यात तिकिटांचं मशीन. दिवसभर आमच्यात बोलणं काय, तर बेल. एक दिली की थांब. दोन दिल्या की चल. डबल बेल मिळाल्याशिवाय विल्फ चाक हलवत नसे. एकदा खुद्द इन्स्पेक्टर काचेवर थापा मारत होता, तरी हा ढिम्म. कंडक्टरने दिली नाही, म्हणाला.

स्कार टेकडीच्या माथ्यावर थांबा होता, पण तिथे घर नाही की दार नाही. मी उगाच एक बेल द्यायचे. तो थांबायचा. कुणी उतरायचं नाही. खाली सगळं खोरं दिसायचं, गिरण्यांची धुरांडी, आणि आम्ही दोघं काचेच्या दोन बाजूंना ते बघत राहायचो. पॅसेंजर हसायचे, पण तक्रार कधी कुणी केली नाही. एका सोमवारी त्याने मागची काच सरकवली आणि भरल्या गाडीसमोर विचारलं, ‘एनिड, करतेस का लग्न माझ्याशी?’ मी डबल बेल दिली. एक म्हातारी पिशवी खाली ठेवून टाळ्या वाजवायला लागली. ती हीच गाडी, सिरिल, आणि तेव्हा ती हिरवी होती.

इथे जरा थांबले होते. विल्फला जेवण भरवायचं होतं.

आता तूच विचारशील की भरवायचं म्हणजे काय, तो काय लहान आहे? तर ऐक. खुर्चीतून उठ म्हटलं तर तो उठत नाही. चल म्हटलं तर चालत नाही. बोललेलं ऐकू जातं, पण आत पोचत नाही. एकदा वैतागून मी टेबलावर दोन टकटका दिल्या आणि हा उठून चालायला लागला. दाराशी एक दिली, तर थांबला. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या हसल्या. मीही हसले. तेव्हापासून आमचा संसार असाच चालतो. न्हाणीघराकडे दोन, पलंगाशी एक. काट्याने बशीवर दोन वाजवल्या की घास घेतो.

विल्फ बरा आहे असं वर लिहिलंय ते खोडत नाही. राहू दे. पण तो बरा नाही.

आणि गाडीही बरी नाही.

पहिली थंडी पडायच्या आत इंजिनातलं पाणी काढून टाकायचं, हे तुला मी काय सांगणार? पाणी न गोठण्याचं ते निळं औषध विल्फने कधी घालू दिलं नाही. जुन्या सांध्यांतून गळतं, म्हणायचा. दर वर्षी दोन्ही नळ स्वतः उघडायचा आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत बादलीपाशी उकिडवा बसायचा. या वर्षीही गेला. आपल्या जुन्या बसवाल्यांच्या मंडळाचा डेस्मंड बरोबर होता, त्याने डोळ्यांनी बघितलं. पाणी काढलं, नळ बंद केले, हात पुसले. डेस्मंड मला म्हणाला, वहिनी, बाकी काही का असेना, एवढं तो विसरलेला नाही. मी खूश. त्या दिवशी मी केक केला, इतकी खूश.

दुसऱ्या दिवशी तो सकाळी उठला आणि कोट चढवून बाहेर पडला. मी समजले, फिरायला गेला. टर्नबुलच्या सुनेने त्याला झारी घेऊन शेडमध्ये जाताना पाहिलं. तिला वाटलं, काल राहिलेलं काहीतरी असेल. तो गाडीत पाणी भरत होता, सिरिल. डेपोत हिवाळ्यात काय करायचो आपण? रात्री पाणी काढायचं आणि सकाळच्या पाळीच्या ड्रायव्हरने आधी भरून घ्यायचं. त्याची सकाळची पाळी होती. त्याने काही चुकीचं केलं नाही. काठोकाठ भरलं आणि घरी येऊन मला म्हणाला, गाडी तयार आहे.

मला वाटलं, तो जुनं काहीतरी बोलतोय. हल्ली तो जुनंच बोलतो.

जानेवारीत अशी थंडी पडली की माझ्या न्हाणीघराचा पाइप फुटला. डेस्मंड सहज शेडमध्ये डोकावला आणि मग आमच्या दारात येऊन टोपी काढून उभा राहिला, कुणी गेल्यासारखा. इंजिन या टोकापासून त्या टोकापर्यंत तडकलंय. मंडळाच्या लोकांनी सगळीकडे फोन केले, स्कॉटलंडपर्यंत, आयर्लंडपर्यंत. तसं दुसरं इंजिन कुणाकडे नाही. ज्यांच्याकडे आहे, त्यांचं ते गाडीतच बसवलेलं आहे. सांधता येत नाही का, मी विचारलं. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले.

आता टर्नबुलच्या मुलाला शेड विकायची आहे. हॅलिफॅक्सच्या लोकांकडे हिची जुळी बहीण आहे, ती गिअरबॉक्स आणि पुढच्या चाकांचा आस नसल्यामुळे कित्येक वर्षं उभी आहे. आपल्या गाडीचे सुटे भाग मिळाले तर ती तरी रस्त्यावर येईल, म्हणतात. उरलेलं भंगारात. अर्धी गाडी तुझी आहे, म्हणून तुझं ‘हो’ हवं. एवढं एक वाक्य लिहायला मी दोन महिने लावले आणि मध्ये तुझं पत्र आलं की तू जूनमध्ये येतोयस, जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात विल्फच्या शेजारी बसून स्कारपर्यंत जायचंय म्हणून. केबिनमध्ये दुसऱ्याला जागा तरी आहे का रे? म्हातारचळ नुसता!

तुला आणखी एक सांगायचं आहे, आणि ते मला सांगवत नाही.

तुझं पत्र मी विल्फला वाचून दाखवलं. हिरवा तर हिरवा, मोठ्याने वाचलं. त्याने मान वर केली. म्हणाला, सिरिल म्हणजे आपला फिटर ना, त्याला सांगा, ब्रेक लावला की गाडी डावीकडे ओढते. असं स्पष्ट बोलला, अगदी पूर्वीसारखा. मला आनंद व्हायला हवा होता. पण ‘सांगा’ म्हणाला, सिरिल. मला.

गेल्या रविवारी डेस्मंडला मी म्हटलं, गाडीचे तुकडे होण्याआधी त्याला एकदा वर बसवू या. बॅटरी जोडा म्हणजे बेल तरी वाजेल. मंडळाची पाचसहा माणसं आली, नेहमीचे कोट घालून, डबे घेऊन. विल्फला दंडाला धरून नेलं. पण केबिनपाशी पोचला आणि हात सोडवून घेतला. डावा पाय बरोबर त्या कड्यात, हात दांडीला, आणि वर! गेलं वर्षभर जिना धड चढता येत नाही त्याला. टोपी सारखी केली, आरसा सारखा केला. माणसं रडत होती, मीही रडले. खोटं कशाला बोलू, मला आशा वाटली. वेडी आशा! मला वाटलं, घरात तो मला ओळखत नाही कारण मी तिथली नाहीच. त्याच्या मनातली मी इथली आहे, या गाडीतली.

मी मागच्या दाराने चढले. बाकांमधून पुढे आले, काचेपाशी उभी राहिले, जिथे उभी राहायचे तिथेच. आणि डबल बेल दिली.

त्याची पाठ ताठ झाली. हात गिअरवर गेला. मग त्याने आरशात पाहिलं, मागे कुणीतरी आहे हे त्याला दिसलं. त्याने वळून काच सरकवली. तीच काच, सिरिल.

‘माफ करा हं, बाई,’ तो म्हणाला. ‘ही गाडी डेपोला चालली आहे. तुम्हाला उतरावं लागेल.’

‘विल्फ, मी एनिड,’ मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. किती सभ्य माणूस आहे तो, तुला माहीतच आहे. इतक्या वर्षांत एकाही पॅसेंजरवर आवाज चढवला नाही.

‘काळजी करू नका,’ तो म्हणाला. ‘मागून दुसरी येतेय.’

मी उतरले. काय करणार? ड्रायव्हरने सांगितल्यावर उतरायचं असतं.

घरी आणल्यावर टेबलावर दोन वाजवल्या तेव्हा उठला, जेवला. टकटक कोण देतंय याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मीच इतके दिवस समजत होते की ते आमचं बोलणं आहे.

खरं म्हणजे मी ‘येऊ नकोस’ असं लिहायला बसले होते. गाडी नाही तर येऊन काय करणार, असं कारणही जुळवून ठेवलं होतं. पण ते कारण नव्हे. तू आलास आणि त्याने तुला ओळखलं, तर मला ते बघवणार नाही. तुझा हेवा वाटतो मला. या वयात, एका फिटरचा. आता लिहिलंच आहे तर असू दे.

तिकीट रद्द करू नकोस. गाडीसाठी ‘हो’ कळव, आणि ये. तो तुला ब्रेकबद्दल बोलेल, तू पाहतो म्हण. मग मी चहा करायला आत जाईन. तेव्हा त्याला विचार की स्कारच्या माथ्यावर कुणी उतरत नसताना गाडी का थांबायची. काय म्हणेल ते मला जसंच्या तसं सांग. काहीच म्हणाला नाही तर तेही सांग. माझ्या समाधानासाठी काही रचून सांगू नकोस, तुला ते कधी जमलं नाही. मला आता आशा नाही, सिरिल. पण विचार.

तुझ्या मुलीला आशीर्वाद. गुडघ्याला जप, लोकरीचे मोजे आण, जून असला तरी.

विल्फची कंडक्टर,
एनिड