सोबत येणारी व्यक्ती

४ सप्टेंबर

तिसरा नकार! नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी परत सरकवली. पाठीच्या ऑपरेशनला तीन वर्षं झाली, आता कसलं दुखतंय, म्हणाले. मी म्हटलं, दुखत नाहीये, सुटत नाहीये. दिवसाला अकरा गोळ्या लागतात. त्यावर त्यांनी पंख्याकडे बघत सांगितलं की हे सोडवायचं औषध असतं, पण "आम्ही त्यात पडत नाही." वा रे वा! गोळ्या लिहून देताना पडलात की!

५ सप्टेंबर

दिवसभर बस स्टँडवर माईकसमोर बोलते मी. गाडी कुठली, फलाट कुठला, सगळं खणखणीत. आणि फोनवर एक वाक्य तोंडातून निघत नाही — मला गोळ्यांचं व्यसन लागलंय. जेवणाच्या सुट्टीत दोन ठिकाणी फोन लावले. एक म्हणे महिनाभर दाखल व्हा. मग माईकवर कोण बसेल, त्याचा काका? दुसरीने विचारलं, पेशंट तुमचे मिस्टर का? मी हो म्हणून ठेवून दिला. लग्नच केलं नाही मी!

८ सप्टेंबर

आज चार नंबरच्या फलाटावरचे प्रवासी सहावर पाठवले. चाळीसेक माणसं सामानासकट पळाली, एका आजीची पिशवी फाटली. कंट्रोलर साहेब आत आले, तब्येत बरी आहे ना, एवढंच विचारून गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पुन्हा असं झालं की माईक गेला. हे त्यांना कळतं, मलाही.

९ सप्टेंबर

औषधाच्या दुकानातली बाई — चिठ्ठी नसताना मी तिला किती छळलंय! आज तिने गोळ्यांऐवजी एक कागद हातात ठेवला. पोस्टामागे, चष्म्याच्या दुकानावर, पहिला मजला. तिथल्या डॉक्टरीणबाई गोळ्या सोडवायचं ते औषध देतात. घरापासून दहा मिनिटं! माझा चष्मा त्याच दुकानातला आहे.

१० सप्टेंबर

तिथे फोन लावला आणि ते वाक्य बोलले. एका दमात, गाडी पुकारते तसं. दवाखान्यातली बाई हसली नाही, च्च च्च केलं नाही. सोमवारी या म्हणाली. आदल्या दिवशी गोळी बंद, अंग दुखायला लागलं की पहिला डोस समोर बसवून देतात.

"आणि सोबत घरचं कोणीतरी आणा. पहिल्या दिवशी एकटं सोडत नाही आम्ही."

सोबत!

१२ सप्टेंबर

शेजारीण नको, गावभर करेल. कंट्रोलर साहेब तर नकोच. उरली ताई.

गेल्या वर्षी ती म्हणाली होती, माझा गुडघा दाखवायचाय, सोबत चल. माझ्या गोळ्या संपलेल्या, मी पिसाळलेली. म्हटलं, "मी काय तुझी हमाल आहे? लंगड तुझी तू." तेव्हापासून बोलणं बंद. आता कुठल्या तोंडाने फोन करू?

१३ सप्टेंबर

गोळी नाही. घाम, जांभया, पाय नुसते झाडतेय. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही चालू आहे. तेवढीच सोबत.

१४ सप्टेंबर, सोमवार

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

एकटीच आले. बहीण खाली रिक्षात आहे, अशी थाप मारली. बाईने नाव विचारलं, कपाट उघडलं आणि म्हणाली, तुमची फाईल आहे की, गेल्या वर्षीची.

आत एक फॉर्म. माझं नाव, वय, ऑपरेशनची तारीख — सगळं ताईच्या गोल गोल अक्षरात! सोबत येणारी व्यक्ती: मोठी बहीण. खाली बारीक अक्षरात, "तिला माझ्या गुडघ्याचं सांगून आणते. कृपया तिला रागावू नका."

मी तिला लंगड म्हटलं त्या दिवशी ताई माझी वाट बघत, दवाखाना बंद होईपर्यंत ह्याच बाकावर बसून होती म्हणे.

मी चारचौघांत भोकाड पसरलं. मग तिथूनच फोन लावला. ताई "बोल" म्हणाली. कुठे बसलेय ते सांगितलं. मग म्हणाली, "निघाले."

तोच दिवस, दुपार

पहिल्या डोसची गोळी जिभेखाली आहे. विरघळेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून लिहितेय. ताई शेजारी बसलीय, अजून धापा टाकतेय. एक मजला चढायला तिला दहा मिनिटं लागली. कठड्याला धरून, एकेक पायरी.

गुडघा खरंच दुखतो तिचा.