पाल्याशिवाय निघालेला अर्क

तीर्थस्वरूप आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (तो इथूनच मानून घे. प्रयोगशाळेच्या फरशीवर आडवं पडायची हिंमत नाही, तिथं काय काय सांडलंय ते मलाच ठाऊक.) तुझे गुडघे, तुझा राग आणि तुझं कुंपण ठणठणीत असेल अशी आशा करते. तू मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्यास आणि नुसत्या कुंपणावरच्या पाल्याच्या काढ्यावर आहेस, असं वहिनीनं कळवलं. त्याबद्दल मी चकार शब्द काढणार नाही. मोठ्यांना शहाणपण शिकवू नये, हे वळण मला तूच लावलं आहेस.

तर तुझ्या पाल्याची हकिकत. तू पाठवलेलं गाठोडं मी सावलीत वाळवलं, कुटलं, द्रावकात भिजत घातलं, गाळलं आणि आटवलं. तू चुलीवर करतेस तेच, फक्त माझी चूल महाग आहे आणि तिच्यासाठी नंबर लावावा लागतो. जो हिरवा चिखल उरला तो बशीत वाढवलेल्या पेशींना पाजला, तर त्या भराभर साखर ओढू लागल्या. त्याच दिवशी मी तुला फोन केला आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. मी म्हटलं होतं, बशीत गुण दिसतोय. तू त्यातली बशी तेवढी गाळून बाकीचं गल्लीभर सांगितलंस.

पुढचं काम म्हणजे त्या चिखलातलं नेमकं गुणकारी द्रव्य वेगळं काढणं. काचेच्या उभ्या नळीत पांढरी भुकटी ठासायची आणि वरून अर्क सोडायचा. मग एकेक द्रव्य आपापल्या चालीनं खाली उतरतं, जसे पाहुणे घरी जायला निघतात, कुणी तडक, कुणी दारात तासभर गप्पा मारत. शेवटी एक दाट, बिनरंगाचं तेल हाती लागलं. यंत्र म्हणालं, शुद्ध आहे. मी हरखले, त्याला तुझं नाव द्यायचंही ठरवून टाकलं. आमचे सर (जन्मात कुणाला छान म्हटलेलं नाही) म्हणाले, हेच सगळं आता पाला न घालता कर. मला रागच आला. बिनपत्तीचा चहा करायला सांगितल्यासारखं ते. पण केलं. आणि आत्या, तेच तेल निघालं. काचेच्या बाटल्या कमी पडल्या म्हणून ते द्रावक मी प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून ठेवलं होतं, आणि त्या कॅनचाच अंश त्यात उतरला होता. तुझ्या नावानं मी कॅनचा अर्क काढला.

सर पोट धरून हसले. मी मात्र विचारात पडले. बशीतला तो गुण पाल्याचा होता की कॅनचा, हेही आता छातीठोकपणे सांगता येत नाही. पाल्यात काही नाही असं मी म्हणत नाही. मला माहीत नाही, एवढंच म्हणते, आणि हे कबूल करायला फार जड जातंय. शिवाय गुण पाल्याचा ठरला तरी बशीतल्या पेशींना ना डोळे असतात ना मूत्रपिंड. तुला दोन्ही आहेत. असो.

घरात सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
भाची

ता. क. चकार शब्द काढणार नाही म्हटलं ते खोटं. पत्र त्यासाठीच लिहिलंय. उद्याच डॉक्टरांकडे जा, साखर तपासून घे आणि ते सांगतील तशा गोळ्या सुरू कर. माझ्या एका फोनमुळे तुला काही झालं तर, या विचारानं मला झोप लागत नाही. भीती वाटते गं.

ता. क. २. थोडा पाला आणखी पाठव, कापडी पिशवीत. खरंखोटं कळायला दहाएक वर्षं सहज जातील. समजा तुझंच खरं निघालं, तर "मी सांगत नव्हते?" असं मला सुनावायला तू समोर हवीस.