आखाजीला हरलेला किपर

९ मार्च, रवि.
पुढच्या रविवारी धुळ्याला. च्युइंगमच्या पुडीत निघायची ती क्रिकेटची कार्डं आणायची. सोनगीरचं वडिलोपार्जित घर विकलं तेव्हा कार्डांचा डबा अक्काने, माझ्या मोठ्या बहिणीने, धुळ्याला सासरी नेला. तेव्हापासून मी इथे पिंप्राळ्यात बसून सगळ्यांना सांगत आलोय, ते सोनं आहे. सौ. म्हणते, सोनं असतं तर एव्हाना मोडून फ्रीज तरी...
नाशिकचे देशपांडे जुनी कार्डं घेतात. फोनवर अर्धा तास शिकवणी. खेळाडू केवढा मोठा ते नंतर. आधी ते कार्ड किती जणांकडे उरलंय ते बघायचं. कोपरे धारदार, मागची बाजू स्वच्छ, पेनचा डाग नको. किपरच्या, म्हणजे विकेटकिपरच्या कार्डाचं नाव काढल्यावर त्यांचा आवाजच बदलला. तो फार क्वचित निघायचा. आमच्या गल्लीत एकच, माझा. म्हणाले, "बाकीची मला द्या. किपर मात्र अजून दहा वर्षं धरून ठेवा."

१६ मार्च, रवि.
धुळ्याहून परत. डोकं अजून तापलेलं.
डबा उघडला तर सगळी कार्डं लॅमिनेशन केलेली. एकूण एक. वर प्लास्टिकचे कोपरे कात्रीने गोल. अक्का कौतुकाने बघत होती. "कसर लागी जाती. आधारकार्डले करतस तसं करी टाकं बठ्ठास्ले." कागद खाणाऱ्या किडीच्या धास्तीने बसस्टँडजवळच्या दुकानात दोन दुपारी स्टुलावर बसून करून घेतलं म्हणे. कोपरे का कापले, तर पोरांच्या हाताला टोचू नयेत.
काय काय बोललो ते लिहवत नाही. "तुला अक्कल नाही" हे नक्की बोललो. भरीत-पुरीचं ताट वाढलेलं होतं, तसंच सोडून उठलो. डबा मात्र न विसरता उचलला.

१८ मार्च
देशपांडेंना फोटो पाठवले. उत्तर: "अरेरे. गेली." प्लास्टिक गरम करून चिकटवलेलं, सोलायला गेलं तर छपाई निघून येते. "घरी ठेवा, आठवण म्हणून."
सौ.ने किपर खिडकीशी धरून पाहिला. "छान दिसतोय पण." मी पेपर वाचत राहिलो.

६ एप्रिल, रवि.
भाऊजींचा फोन. अक्का बरी आहे, फक्त माझा विषय निघाला की उठून आत जाते. "आखाजी जवळ आली. मूळ कोण येणार?"
आई गेल्यापासून अक्काचं माहेर म्हणजे आमचं घर. दर आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिला माहेरी आणायला मूळ म्हणून मीच जातो. मूळ गेलं नाही तर ती येणार नाही, आणि एकदा नाही आली की... "बघतो" म्हटलं. बघतो काय? लाज वाटली.
नंतर डबा काढून बसलो. सहा-सात कार्डांच्या कडा कुरतडलेल्या, प्लास्टिकच्या आत. म्हणजे कसर लागलीच होती. अक्काने हात घातला नसता तर मी धुळ्याहून भुसा आणला असता.

२७ एप्रिल, रवि.
धुळे. पारोळ्यापर्यंत काय बोलायचं ते ठरवलं, पुढे विसरलो.
अक्काने दार उघडलं, बघितलं, आत गेली आणि ताट घेऊन आली. भरीतच. "पहिले जेव. मंग भांड."
जेवलो. म्हटलं, "अक्का, चुकलं माझं."
"तुनं चुकनं ते माले माहीत शे. पत्तासनं काय चुकनं ते सांग."
सांगितलं. बाजारात आता त्या कार्डांना कोणी विचारणार नाही. तिने माझं ताट उचललं. "मंग आते त्या कोणा कामना?" पिशवी भरून ती माझ्याबरोबर निघाली.

३० एप्रिल, आखाजी
घागर पुजली. आमरस, सांजोऱ्या. दुपारी गल्लीतली पुरुष मंडळी ओट्यावर पत्ते घेऊन बसली. अक्काने घरात डबा उघडून अर्धी कार्डं माझ्यापुढे टाकली. "मांड."
आमचा जुना खेळ. दोघांनी एकेक टाकायचं, मागे छापलेल्या धावा ज्याच्या जास्त त्याने दोन्ही उचलायची. लहानपणी मी किपरला हात लावू द्यायचो नाही. आज रस सांडला, अक्काने पदराने पुसला, कार्ड जसंच्या तसं. इतकं हसलो की सौ. बघायला आली.
शेवटी माझ्याकडे एकटा किपर. धावा किरकोळच. अक्काने सलामीवीराचं कार्ड टाकलं आणि दोन्ही उचलली. किपर सरळ पर्समध्ये. आखाजीला जिंकलेलं परत मागायचं नसतं. हा नियम लहानपणी मीच तिला ऐकवायचो.

३ मे
अक्का काल धुळ्याला गेली. आज देशपांडेंचा फोन. बरीच चौकशी केली म्हणाले, किपर दुसरा कुठेच सापडत नाही. "प्लास्टिकसकट घेतो. नाहीतर ठेवा, पुढे लोक तसाच मागतील." आकडा सांगितला. सौ.ने लाटणं खाली ठेवलं.
अक्काला फोन केला. आकड्यासकट सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, "मंग तर आते मी नीट सांभाळसू."
म्हटलं, "अक्का, मग मी काय करू?"
"पुढली आखाजीले मूळ ये. आन जिकी ले."